पेसमेकरनंतर ईसीजी वेगळा का दिसतो?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. चक्कर येऊन पडल्यामुळे चार वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला. हार्ट ब्लॉक (हृदयातला विजेचा संदेश वाटेत अडणे) अधूनमधून होतो, असे तेव्हा सांगितले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी धंतोलीत काढलेल्या ईसीजीत काही ठोके रुंद, तर काही नेहमीसारखे आले. मात्र नेहमीसारख्या ठोक्यांतही टी-लहर (ठोक्यानंतर स्नायू पुन्हा सज्ज होताना उमटणारी लहर) उलटी होती. 'पूर्वी अटॅक येऊन गेला का?' अशी विचारणा झाली. पेसमेकरच्या तपासणीत 'व्हेंट्रिक्युलर पेसिंग ४६ टक्के' असे लिहून आले आहे. यंत्रामुळे बाबांचे हृदय बिघडते आहे काय?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तुमची काळजी स्वाभाविक आहे, पण उलटी टी-लहर म्हणजे अटॅकच, असे नव्हे. हृदयाची वीज एरवी विशेष तंतूंच्या जाळ्यातून दोन्ही जवनिकांत, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, जवळजवळ एकाच वेळी पोहोचते. उजव्या जवनिकेत बसवलेल्या तारेतून निघालेला ठोका मात्र स्नायूतून, म्हणजे कितीतरी सावकाश, पसरत जातो आणि डावी बाजू उशिरा आकुंचन पावते. म्हणून तो ईसीजीत रुंद दिसतो. अशी वेगळी वाट काही काळ चालू राहिली, की स्नायूंच्या पेशी विद्युत-विश्रांतीचा क्रमही त्या वाटेप्रमाणे बदलतात, आणि स्वतःचा ठोका परतल्यावरही टी-लहर काही दिवस किंवा आठवडे उलटी राहू शकते. अर्जेंटिनाचे मॉरिसिओ रोझेनबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली याचे सविस्तर वर्णन केले. याला 'हृदयाची स्मृती' म्हणतात, आणि मला हे नाव अगदी समर्पक वाटते.

नेहमीसारख्या ठोक्यांत छातीवरच्या लीडमध्ये (ईसीजीच्या जोडण्यांत) टी-लहर उलटी, पण लीड वन आणि एव्हीएल या हातापायांवरून घेतल्या जाणाऱ्या नोंदींत सरळ असेल, तर या स्मृतीकडे बोट जाते. तरीही छातीत दुखणे किंवा धाप असेल, तर ईसीजीवर विसंबून राहू नये. ईसीजीच्या जुन्या पट्ट्या जपून ठेवा. शेजारी ठेवून पाहिल्यावर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

खरे लक्ष त्या ४६ टक्क्यांकडे, म्हणजे जवनिकेचे इतके ठोके यंत्राने दिले याकडे, द्यावे. जवनिकेचे पेसिंग साधारण २० टक्क्यांच्या पुढे गेले, की काही रुग्णांत पंपाची ताकद वर्षानुवर्षे हळूहळू कमी होण्याचा धोका वाढतो. सर्वांमध्ये तसे होत नाही. म्हणून बाबांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून तो पेसमेकर बसवण्याच्या वेळच्या इकोशी ताडून पाहावा, आणि पुढेही ठरावीक अंतराने करत राहावा. पेसमेकरच्या तपासणीत त्याची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रामर यंत्राचा हातात धरायचा भाग छातीवर ठेवतात तेव्हा अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) आणि जवनिका यांच्यामधला प्रतीक्षाकाळ थोडा वाढवून स्वतःच्या ठोक्याला संधी देता येईल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. अनेकांच्या बाबतीत एवढ्यानेच टक्केवारी घटते. ताकद कमी झालेली आढळलीच, तर डावीकडच्या विद्युतवाहक तंतूंजवळ तार बसवणे किंवा दोन्ही जवनिकांना एकत्र चालवणारे यंत्र लावणे, असे मार्ग आहेत.

मात्र घाबरून यंत्र बंद करण्याचा विचार कृपया करू नये; चक्कर येऊन पडण्याचे कारण तेच थोपवून आहे.