साताऱ्यात राहून चित्रकार म्हणून पोट भरता येतं का, आणि चित्रांना विषय कुठून आणायचे?

येतं, पण सुरुवातीची काही वर्षं नुसती चित्रं विकून नाही. इथले बरेच चित्रकार, मीही त्यातलाच, व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी, शाळांच्या भिंती आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचे क्लास यांवर घर चालवतात. भरवशाचा पैसा क्लासचाच. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक फी देताना कुरकुरत नाहीत. (कलेवरचं प्रेम वगैरे नंतर!)

विषयांचं म्हणाल तर आधी सातारा जिल्ह्यातलंच औंध गाठा. तिथलं श्री भवानी संग्रहालय संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलं, आणि ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं माता-बालकाचं शिल्प एवढ्या जवळ दुसरीकडे कुठे बघणार? पण सगळी दालनं पळत बघू नका. एकच चित्र धरा, त्यातला उजेड कुठून येतो आणि सावलीत कोणता रंग आहे ते वहीत उतरवा. छापील प्रतीत हे कळत नाही. दुसऱ्या रविवारी वाईजवळ मेणवली: नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं आणि मागचा कृष्णेचा घाट. स्केचबुक भरायला तेवढं पुष्कळ आहे.

मात्र गॅलरीतून चित्रं विकायची असतील तर पुण्या-मुंबईच्या फेऱ्या चुकत नाहीत. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला काही वर्षं लागतात, तेव्हा अर्ज लवकर टाकून ठेवा.