डीकन आणि किराणा दुकान

प्रश्न : तुम्ही चर्चचे डीकन, म्हणजे मंडळीची सेवा पाहणारे, शिवाय किराणा दुकानदार. रविवारी दुकान बंद ठेवणं परवडतं का?

उत्तर : उपासना होईपर्यंतच शटर खाली असतं, परवडतं. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांत हा रिवाज मुरलाय. खरा कस उरलेल्या आठवड्यात. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायात मंडळीने सात जण निवडले, ते विधवांना रोजचं अन्न नीट वाटलं जावं म्हणून. डीकनपणाचं मूळ आम्ही तिथेच मानतो. म्हणून एकट्या बायांच्या उधारीला मी तगादा लावत नाही. काटा मात्र सगळ्यांना सारखा. चर्चमधले अर्पणाचे पैसे मी आणि आणखी एक जण मिळून मोजतो, वहीत दोघांच्या सह्या होतात. गल्ल्यात ते घटकाभरही ठेवत नाही.