अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजांचे स्पेअर पार्ट कुठून येतात?
मालवणात ट्रॉलरचा पंखा (पाण्यात फिरून बोट ढकलणारा प्रोपेलर) गेला की बाजारातून दुसरा आणून बसवतात, तसं इथे नाही. फ्रान्सच्या अणुशक्तीवाल्या विमानवाहू शार्ल द गोल जहाजाचा पंखा २००० साली चाचणीतच तुटला, मग जुन्या क्लेमान्सो-फॉश जहाजांचे ठेवणीतले पंखे लावले आणि त्यामुळे स्पीड २७ नॉटवरून (नॉट म्हणजे समुद्रातला वेग मोजायचं माप) २४-२५ वर आला, काही वर्षं तसंच चालवलं, घरात अणुभट्टी असून ही गत! अमेरिकेचं ८ रिअॅक्टरवालं एंटरप्राइझ तर त्या क्लासचं, म्हणजे त्या डिझाइनचं, एकच बनलं, मग पार्टची बोंब होणारच. ते रिटायर झाल्यावर त्याचा नांगर दुसऱ्या जहाजाला लावला, काही वाया घालवत नाहीत. आणि आपल्या कारवारचं विक्रमादित्य अणुशक्तीवालं नाही हां, ते साध्या बॉयलरच्या वाफेवर चालतं.