अंगातल्या स्टॅटिकमुळे कॉम्प्युटर स्लो होतो का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसात खुर्चीवरून उठून सीपीयूला हात लावला की चटका बसतो, कधी नुसती झिणझिण येते, आणि हल्ली मशीनही स्लो झालंय, तर अंगातल्या करंटचा परिणाम आहे का. मी गेली बरीच वर्षं लॅमिंग्टन रोडला रिपेअरिंग करतोय, म्हणून सांगतो, स्टॅटिकने, म्हणजे कपडे-खुर्ची घासून अंगावर साठणाऱ्या चार्जने, कॉम्प्युटर स्लो होत नाही. चटका बसल्यावर मशीन हँग होईल, रिस्टार्ट होईल, माऊस जाऊन परत येईल, नाहीतर एखादा पार्ट कायमचा जाईल. रोज हळूहळू स्पीड खाणं हे स्टॅटिकचं काम नाही.

आपल्याला चटका जाणवतो तोच मुळात 3000 व्होल्टच्या आसपास, आणि काही नाजूक चिप तर 100 व्होल्टलाही जातात, म्हणजे कॅबिनेट उघडून रॅमला हात लावलात तर तुम्हाला काही कळायच्या आत ती खराब झालेली असू शकते. कधीकधी लगेच मरत नाही, आतून कमजोर होते आणि महिन्याभराने एरर द्यायला लागते, मग कोणाच्या लक्षातही येत नाही की तेव्हा हात लावला होता. मी शिकाऊ असताना एका गिऱ्हाईकाची चांगली रॅम अशीच गेली, एसीत बसून पॉलिएस्टरचा शर्ट घातलेला आणि सोनेरी पिनांवरच बोट ठेवलं. पैसे शेठने भरले, मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून आधी एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या, उघड्या पत्र्याला हात लावतो, रॅम कडेनेच धरतो आणि अंगावरचा चार्ज अर्थला सोडणारा पट्टा मनगटाला बांधतो. त्या पट्ट्यात 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो, चुकून फेजला हात लागला तर तो करंट अडवतो, म्हणून साधी वायर गुंडाळून जुगाड करू नका.

पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की चार्ज अंगावर टिकतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी आणि दिवसभर एसी चालणारी ऑफिसं, तिथेच हे चटके जास्त.

पण मला तुमची ती झिणझिण जास्त खटकतेय. स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो, टच्च करून संपतो. हाताची मागची बाजू कॅबिनेटवरून फिरवली आणि सारखी थरथर लागत असेल तर ते स्टॅटिक नाही, अर्थिंग नाहीये. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतच असतो, तो अर्थच्या वायरने निघून जायला पाहिजे, ती वायर नसेल तर बॉडीवर 230 च्या निम्मे, म्हणजे 115 च्या आसपास व्होल्ट राहतात. परळला एका चाळीत गेलो होतो, टेस्टर लावला तर दिवा मंद पेटत होता, आणि खाली बघतो तर थ्री पिनची जाडी पिन कापून प्लग टू पिनच्या बोर्डात घातलेला! त्यांचं टीव्हीला जोडायचं एचडीएमआय पोर्ट दोनदा उडालं होतं. पोर्टचं सोडा हो, उद्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली तर अर्थिंगशिवाय ते सगळं हात लावणाऱ्याच्या अंगावर येईल, आणि घरात लहान मुलं असतात.

मशीन स्लो आहे त्याचं कारण वेगळं शोधा. टास्क मॅनेजर उघडून डिस्क 100 टक्क्यांवर अडकलीय का बघा, जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाकल्यावर फरक दिसेल, नाहीतर फॅनमध्ये धूळ भरून प्रोसेसर तापत असेल, तापला की तो स्वतःच स्पीड कमी करतो. धूळ घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने काढू नका, त्याच्या नळीवर स्टॅटिक तयार होतं, ब्लोअर मारा आणि फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा.

पण आधी वायरमनला बोलवून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासा. तोपर्यंत मशीन दुसऱ्या चांगल्या थ्री पिन बोर्डावर लावा, आणि झिणझिण गेली का ते मला नक्की सांगा.