हजेरी संपल्यावर येणारा मुलगा

“मॅडम, दप्तर नाही, सायकल नाही, रोज सकाळची भांडणं नाहीत. घरीच टॅबवर शिकू दे की त्याला. लॉकडाऊनमध्ये शिकलीच ना सगळी पोरं?”

मी मुलांची समुपदेशक. लॉकडाऊननंतर हा प्रश्न मी बऱ्याच पालकांकडून ऐकला आहे. काही आयटीतले असतात, काहींच्या मुलीला बॅडमिंटनसाठी दिवसाचे सहा तास हवे असतात, काही नुसतेच शाळेला वैतागलेले. त्या दिवशी विचारणारे गृहस्थ कृषी सेवा केंद्र चालवणारे होते. २०२३ ची दिवाळी नुकतीच झाली होती, रब्बीच्या बियाण्यांची घाई होती. दुकान पुतण्यावर सोपवून आले होते, त्यामुळे दर पाच मिनिटांनी खिशातला फोन वाजत होता. शेजारी बायको. तिच्या पलीकडे आठवीतला मुलगा. त्याला आपण केदार म्हणू. नाव, गाव आणि थोडा तपशील बदलला आहे.

शाळेतून मेसेज आला होता: जूनपासून केदारचे ३१ खाडे. घरून तर तो रोज वेळेवर सायकल काढतो. म्हणजे मधेच कुठेतरी मोबाइल घेऊन बसतो, हा वडिलांचा निष्कर्ष. एकदा हात उचलून झाला होता. केदारचं एकच म्हणणं होतं, मला शाळा नको, मी ऑनलाइन शिकतो. त्यातच एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. टॅब, व्हिडिओ, ‘पर्सनल मेंटॉर’, सगळं हप्त्यावर. सही तेवढी बाकी होती.

आता माझी चूक सांगते. मी केदारला नाव विचारलं, त्यानं वहीवरचं लेबल माझ्यापुढे धरलं. मला वाटलं, फुगलाय. थोड्या वेळानं टेबलावरच्या बाटलीकडे बघून तो म्हणाला, “जरा... मिळेल का?” पाणी हा शब्द त्यानं उच्चारला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. मी फायलीत लिहिलं: एकशब्दी उत्तरं, नजर टाळतो, मोबाइल रोज चार तास. या तीन गोष्टी जोडून मी जे चित्र काढलं ते अशा वेळी कुणीही काढेल. मोबाइलची वेळ कमी करा, रात्री फोन आईकडे, असा सल्ला देऊन त्यांना पाठवलं.

फोन आईच्या शिलाई मशीनच्या खणात गेला. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. “ताई, खाडे वाढलेत. आणि आता जेवतही नाही धड.”

मग मी शाळेत गेले. हे आधी करायला हवं होतं. वर्गशिक्षक भले गृहस्थ, पण वर्गात ५८ मुलं, आणि सरकारी पोर्टलवर माहिती भरण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. (मुलांचं सोडा, शिक्षक कधीच ऑनलाइन झालेत.) त्यांनी हजेरीपत्रक उघडलं आणि म्हणाले, “गंमत बघा मॅडम. प्रार्थनेला असतो, रांगेत मी स्वतः बघतो. हजेरी घेताना बरेचदा नसतो. हजेरी झाली की परत बाकावर. खाडा तर मांडावाच लागतो मला.”

म्हणजे मुलगा शाळेतच होता. फक्त त्या पाच मिनिटांपुरता नव्हता.

पुढच्या भेटीत मी काही विचारलं नाही, कागद आणि पेन पुढे ठेवलं. वर लिहिलं: प्रार्थनेनंतर कुठे असतोस? त्यानं लिहिलं, ‘टाकीमागे’. का? पेन बराच वेळ हातात फिरवत राहिला. मग लिहिलं, ‘हजर म्हणता येत नाही’.

केदार अडखळतो. ह, प, क नं सुरू होणारा शब्द आला की घशात काहीतरी दाटतं आणि आवाजच फुटत नाही. बाहेरून ते दिसत नाही, कारण तो शब्द बदलतो. पाणी म्हणायचं नाही, बाटली दाखवायची. ‘काका’ येत नाही, तर ‘बाबांचा भाऊ’. अशी मुलं कमी बोलतात, आणि घरचे कौतुकानं सांगतात की आमचा मुलगा मुळातच शांत. पण दोन शब्दांना पर्याय नसतो. एक स्वतःचं नाव आणि दुसरा ‘हजर’. सहावीत एकदा हजेरीला ‘ह’ वर अडकला, मागच्या बाकावरून कुणीतरी त्याची नक्कल केली, वर्ग हसला. तेव्हापासून त्या पाच मिनिटांसाठी टाकीमागची जागा.

आई म्हणाली, “लहानपणी अडखळायचा, पण चौथीत थांबलं की ते.”

चौथीत थांबली होती ती शाळा. मार्च २०२०. पाचवीचं अख्खं वर्ष आणि सहावीचं बरंचसं मोबाइलवर गेलं. त्या दीड-पावणेदोन वर्षांबद्दल केदार माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलला, म्हणजे लिहून बोलला. हजेरीला चॅटमध्ये ‘हजर’ टाइप करायचं. बाईंनी प्रश्न विचारला की सगळ्यांच्या आधी याचं उत्तर पडायचं. बाई शाबासकी द्यायच्या. वर्गात तो हुशार म्हणून ओळखला गेला तो त्याच काळात. या मुलाला शाळा नको आणि ऑनलाइन हवं, यात व्यसन कुठे होतं? जिथे त्याची मान ताठ होती तिथे त्याला परत जायचं होतं.

म्हणून मी त्याला, ‘ऑनलाइन वाईट, शाळा चांगली’ असलं काही ऐकवलं नाही. पण आईवडिलांना दुसरी बाजू दाखवणं भाग होतं. त्या पावणेदोन वर्षांत केदार वर्गासमोर एकही वाक्य बोलला नव्हता. माइक बंद, व्हिडिओ बंद. भीतीची गोष्ट टाळली की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यानंच भीती वाढते, कारण टाळलं म्हणून वाचलो अशी मनाची खात्री होते. पाचवीत गेला तेव्हा अडखळणं होतं. सहावीत परतला तेव्हा अडखळणं तेवढंच, पण त्याची धास्ती दुप्पट. टॅब घेऊन दिला असता तर दहावीपर्यंत आणखी दोन-अडीच वर्षं तो बोलला नसता, आणि मार्क उत्तम पडल्यामुळे कुणाला कळलंही नसतं.

मी त्याला विचारलं, कधीच अडकत नाही असं काही आहे का? त्यानं लगेच लिहिलं: प्रार्थना, प्रतिज्ञा, पाढे.

हे अडखळणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत दिसतं. दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून बोललं, किंवा गायलं, की अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. आणि एका सुरात बोलणं ऑनलाइन वर्गात होत नाही. आवाज मागेपुढे पोचतात, गोंधळ होतो, म्हणून बाई सगळ्यांना म्यूट करतात. केदारची जीभ जिथे मोकळी सुटते ती जागा शाळेच्या मैदानात होती, आणि म्हणूनच तो प्रार्थना कधी चुकवत नव्हता.

वडिलांचा मूळ प्रश्न मात्र मी टाळला नाही. शाळा सोडून शिकायच्या वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, त्यासाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, केदार तेव्हा तेराचा. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. थॅलेसेमिया असलेल्या एका मुलीला मीच मुक्त विद्यालयाकडे पाठवलं होतं. तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं, शाळेच्या वेळापत्रकात तिची दमछाक होत होती. तिच्यासाठी ते बरोबर होतं. तिला शाळेची भीती नव्हती, मैत्रिणी संध्याकाळी घरी यायच्या, आणि शिकवायला आत्या होती.

पण ‘लॉकडाऊनमध्ये सगळी पोरं शिकली’ हे खरं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. त्यात खेड्यातली नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं होती ८ टक्के, शहरात २४. अझीम प्रेमजी विद्यापीठानं पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधली दुसरी ते सहावीची १६ हजारांवर मुलं तपासली, तर ९२ टक्के मुलं आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य विसरली होती. शाळा बंद असताना ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणून रोज अभ्यास पाठवला जात होता, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची. करणाऱ्यांनी जीव तोडून केलं. पण घरात एक फोन, तो वडिलांबरोबर कामावर, आणि संध्याकाळी आधी भावाला. माझ्याकडे येणाऱ्या एका नववीच्या मुलीचा नंबर तिसरा लागायचा, तोवर डेटा संपलेला असायचा. शाळेतली खिचडी तर कुठल्याच ॲपमधून येत नाही.

तंत्रज्ञानाशी माझं वाकडं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ते कोड चालले, कारण वर्ग होता, मास्तर होते, आणि मुलाला कुठे अडलंय हे मास्तरांना ठाऊक होतं. सरकारी शाळेऐवजी स्क्रीन असा प्रस्ताव कुणी मांडला की मला टाकी आठवते. टाकीमागे उभं असलेलं मूल शाळेलाही इतके दिवस दिसलं नाही, हे मान्य. पण तिथे ते निदान कुणाला तरी दिसू शकत होतं.

वडील बराच वेळ गप्प होते. फोन वाजला तो त्यांनी कापला. मग एवढंच म्हणाले, “मी मारलं हो त्याला.”

जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा उपचार सुरू झाले. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे पैसे पडत नाहीत. टॅब घेतला नाही. फोन खणातून बाहेर आला, रात्री तासभर गणिताचे व्हिडिओ तो बघतो, चांगले आहेत, मीही दोन-तीन पाहिले.

आणि हजेरी. मी सरांना सुचवणार होते की केदारला नुसता हात वर करू द्या. सरांनी मान हलवली. “एकट्याला सवलत दिली की पोरं त्यालाच चिडवतील.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अख्ख्या वर्गाची पद्धत बदलली. नंबर घ्यायचा बाकाचा, आणि बाकावरच्या दोघांनी मिळून ‘हजर’ म्हणायचं. कारण सांगितलं, वेळ वाचतो. शाळेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सुचलं, मला सुचलं नव्हतं. आठवड्याभरात केदार हजेरीला बसू लागला, शेजाऱ्याच्या आवाजात स्वतःचा आवाज मिसळून.

हिंदीच्या तासाला प्रकट वाचन असलं की अजून त्याचं पोट दुखतं. वाचा उपचारांचे दोन तास त्यानं बुडवले. सगळं सुरळीत झालंय असं नाही.

फेब्रुवारीत एकदा तो एकटाच आला, सायकलवरून. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला, कागद मागितला नाही. बाकावरचा जोडीदार तापानं आला नव्हता.

“मग?”

“ए... एकट्यानंच म्हटलं.”

“किती वेळ लागला?”

“लागला. सर थांबले.” मग जरा विचार करून, “एक जण हसला.”

“आणि?”

“आणि सरांनी पुढचा बाक घेतला.” बाटलीकडे बघत तो म्हणाला, “प... पाणी आहे का?”