कॅनडात शिकायला आलोय, नोव्हेंबरपासून अंथरुणातून उठवत नाही. हे फक्त मलाच होतंय का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये एडमंटनला आलात, दिवाळीपर्यंत सगळं झकास चाललं होतं, आणि आता दहा-दहा तास झोपूनही डोळे मिटतात, जेवणाऐवजी बिस्किटं खाता, असाइनमेंट पडून आहेत. घरी सांगावं का, आणि डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला जाऊन यावं का, असंही विचारलंय. त्यावर तिघाचौघांनी ‘मन खंबीर करा, व्यायाम करा, मित्र जोडा’ अशी उत्तरं दिली आहेत. ती वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. एरवी मी नुसता वाचक.

मी 2013 च्या ऑगस्टमध्ये सांगलीहून अमेरिकेतल्या मिनीआपोलिसला एमएस करायला गेलो. महिन्याला दीडशे डॉलर वाचतात म्हणून तळघरातली खोली घेतली. खिडकी होती, पण छताला टेकलेली, वीतभर उंचीची. बाहेरून ती जमिनीलगत यायची. सप्टेंबरात तिच्यातून गवत आणि शेजारच्या कुत्र्याचे पाय दिसायचे, मला मोठी गंमत वाटायची. डिसेंबरात बर्फ पडला, घरमालकाने पायवाट मोकळी करताना फावड्याने तो सगळा माझ्या खिडकीवर लोटला, आणि गंमत संपली. त्यानंतर दुपारी बारा वाजता खोलीत जो उजेड यायचा तो फ्रीजचं दार किलकिलं राहिल्यावर पडतो तेवढा.

त्याआधीच, 3 नोव्हेंबरला तिथली घड्याळं, दर हिवाळ्याआधी करतात तशी, तासभर मागे गेली होती. शनिवारी सहाला मावळलेला सूर्य रविवारी पाचला मावळला. घरी फोन करायचा तर साडेदहा तासांचं अंतर साडेअकरा झालं. मी रात्री जागून पोरांच्या वह्या तपासायचो, पहाटे चारला झोपायचो, दुपारी एकला उठायचो. आंघोळ, मॅगी, बस, की बाहेर अंधार. हिशोब केला तर दिवसाचा उजेड माझ्या डोळ्यांवर तासभरसुद्धा पडत नव्हता. पण हा हिशोब नंतरचा. तेव्हा मला वाटायचं, आपण आळशी आहोत.

एके दिवशी जाग आली तर फोनवर 6:20. अंधार. आठला माझी लॅब होती, ती आधी दोनदा चुकवलेली. ताडकन उठलो, दाढी केली, थर्मल चढवलं, बस पकडली. बसमध्ये माणसं थकलेली दिसत होती, पण सकाळच्या बसमध्येही माणसं थकलेलीच असतात. कॅम्पसवर कँटीनपाशी पोरं पिझ्झा खात होती. मनात आलं, हे अमेरिकन लोक सकाळी काय काय खातात! तिसऱ्या मजल्यावर लॅबला कुलूप. मी बाहेर जमिनीवर बसलो, वह्या काढल्या, आणि बॅटरी संपेपर्यंत फोनमध्ये काहीतरी बघत राहिलो.

तिथे रात्रपाळीला एक सोमाली बाई साफसफाईला यायच्या. मिनीआपोलिसमध्ये सोमाली वस्ती मोठी आहे. डोक्याला रुमाल, हातात ढकलगाडी, आणि हिंदी सिनेमातली चार वाक्यं तोंडपाठ. मला बघून त्यांनी विचारलं, ‘काय रे पोरा, कोणाची वाट बघतोयस?’ म्हटलं, आठची लॅब आहे. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ‘आठ वाजून गेले. रात्रीचे.’ मी हसलो, त्याही हसल्या. मग का कोण जाणे, माझं हसणं थांबेना आणि मधेच ते रडणं झालं. सव्वीस वर्षांचा घोडा, ताजी दाढी केलेला, हातात वह्या. लाज वाटते लिहितानाही.

त्या शेजारी बसल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही, काही नाही. फरशी पुसता पुसता बोलत राहिल्या. मोगादिशूत सूर्य बारा महिने सहाच्या आसपास उगवतो नि सहाच्या आसपास मावळतो, म्हणाल्या. इथल्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनीही जेवण सोडून ब्रेड आणि साखर खाल्ली होती. ‘तुला थंडी नाही बाधली. थंडीला कोट असतो. दुपारी बाराला बाहेर निघ आणि वर बघ, रोज.’ एवढं बोलून गाडी ढकलत पुढे गेल्या.

आता आमचे दादा. माझा चुलतभाऊ, माझ्याआधी पंधरा वर्षं अमेरिकेत, घरातला पहिला परदेशी, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. ही गोष्ट मी त्याला विश्वासाने सांगितली. तो म्हणाला, ‘अरे, आम्ही नाही का राहिलो? रिकाम्या डोक्याचे चोचले आहेत हे. सूर्य कमी पडला म्हणून कोणी रडतं का?’ आणि रात्रीतून तो किस्सा सांगलीपर्यंत पोचवला.

दादा राहतो ह्यूस्टनला! 21 डिसेंबरला ह्यूस्टनचा दिवस सव्वादहा तासांचा असतो. पुण्याचा अकरा तासांचा. मिनीआपोलिसचा पावणेनऊ, आणि तुमच्या एडमंटनचा जेमतेम साडेसात. डिसेंबरात अर्ध्या बाह्यांच्या शर्टात पार्किंगमध्ये मटण भाजणाऱ्या माणसाने मला हिवाळा शिकवावा? ‘आम्ही नाही का राहिलो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी अक्षांश विचारा. बहुतेक वाद तिथेच मिटतात.

आणि हे चोचले असतील तर ते शोधून काढणारा माणूसही तुमच्या-माझ्यासारखाच होता. नॉर्मन रोझेन्थाल हे डॉक्टर जोहान्सबर्गहून 1976 साली न्यूयॉर्कला आले आणि हिवाळ्यात आपला उत्साह का आटतो, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. 1984 साली त्यांनी आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याचं, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं, रीतसर वर्णन छापलं. नेहमीच्या नैराश्यात बऱ्याचदा झोप उडते, भूक मरते. यात बहुतेकांचं उलटं होतं: झोप वाढते, गोड आणि पिठाचं खावंसं वाटतं, वजन चढतं. तुमची बिस्किटं त्यातलीच. मी त्या महिन्यात पटेलच्या दुकानातून आणलेला पार्ले-जीचा मोठा खोका एकट्याने संपवला होता.

मुद्दा उजेडाचा आहे, आणि उजेड डोळ्याला फसवतो. खोलीत ट्यूबलाइट लावली की आपल्याला लख्ख वाटतं, पण ते असतात दोन-तीनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). बाहेर भर उन्हात लाखाच्या घरात जातो आकडा, आणि ढगाळलेल्या दुपारीसुद्धा काही हजार मिळतात. म्हणजे त्या बाईंचा सल्ला नुसता मायेचा नव्हता, हिशोबाचाही होता. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. उजेड मिळाला नाही की ते मागे मागे सरकतं आणि तुम्ही संध्याकाळच्या सहाला सकाळ समजून दाढी करता.

मी काय केलं? डिसेंबर संपता संपता तळघर सोडलं, अनामत बुडवून. दुसऱ्या मजल्यावर तिघांत एक खोली घेतली, पूर्वेची खिडकी माझ्या गादीकडे मागून घेतली, आणि बदल्यात कायमची भांडी घासायची कबूल केली. 10,000 लक्सचा दिवा घेतला. सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास तो बाजूला ठेवून चहा प्यायचा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, पण डोळे उघडे हवेत आणि दिवा जवळ हवा. आठवड्याभरात फरक पडला. चमत्कार नव्हे, पण नऊला उठायला लागलो. 6 जानेवारी 2014 ला तर इतकी थंडी पडली की गव्हर्नरांनी राज्यभरातल्या सरकारी शाळा बंद ठेवल्या. वारा धरून पारा उणे 40 च्या खाली. उणे 40 ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे घरी सांगताना हिशोब करावा लागला नाही! आणि गंमत बघा, त्या कडाक्यात मी बरा होतो. ऊन स्वच्छ होतं. आधी मेलो होतो तो ढगाळ डिसेंबरात, जेव्हा थंडी त्याच्या निम्मीही नव्हती.

घरी सांगावं का? सांगा, पण शब्द जपून निवडा. आपल्याकडे हिवाळा म्हणजे हुरडा, शेकोटी, बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. थंडीत माणूस बाळसं धरतो असं मानणारी आपली माणसं. उदास व्हायचं तर आपल्याकडे पावसाळ्यात, तेही कवींनी. त्यामुळे ‘हिवाळ्यामुळे उदास वाटतं’ हे वाक्य सांगलीत कोणाला पोचलंच नाही. आई म्हणाली, सुंठ घालून चहा घे, आणि डिंकाचे लाडू पाठवले. लाडवांचं पार्सल जानेवारीत पोचलं, दगड होऊन. मग मी नुसतं एवढंच सांगितलं की इथे साडेचारला दिवस मावळतो. आई गप्प झाली. म्हणाली, ‘साडेचारला? मग दिवेलागणीनंतर एवढा वेळ करतोस काय?’ तिला कळलं. दादाला नाही कळलं. 2017 मध्ये घरातल्या लग्नात, भर पंगतीत, त्याने ‘आमचा दाढीवाला’ म्हणून तो किस्सा पुन्हा सांगितला. मी ताटावरून उठलो. चार वर्षं आम्ही बोललो नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण चूक त्याची होती.

एक राहिलं, आणि ते आधी लिहायला हवं होतं. तुम्हाला किंवा घरात कोणाला कधी अतिउत्साहाचे झटके येऊन गेले असतील, बायपोलर म्हणतात तो प्रकार असेल, किंवा डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिव्यासमोर बसू नका. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, आपल्याकडच्या बऱ्याच जणांत ते आधीच कमी असतं, पण त्याने मन उचललं जाईल अशी खात्री धरू नका. समुपदेशकाची वेळ आजच मागा, मला पाच आठवड्यांनी मिळाली होती. आणि जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येत असतील तर माझं हे पुराण सोडा आणि 988 या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा, कॅनडातही तोच नंबर चालतो. दिवा त्या कामाचा नाही.

व्यायामाला माझा विरोध नाही, तेही सांगतो. फक्त तळमजल्यावरच्या जिममध्ये रात्री नऊला नको, दुपारी बाहेर चाला.

सुट्टीत पुण्याला जायचं का, याला माझं नीट उत्तर नाही. पैसे असतील तर जा. तिथल्या उन्हाने बरं वाटेल आणि परतल्यावर जानेवारी दुप्पट बोचेल, माझा दुसऱ्या वर्षीचा अनुभव. परत आल्यावर पहिले काही दिवस पहाटे साडेतीनला टक्क जाग येईल. सगळे सांगतील, जेटलॅग आहे, जागून जागून घालवा. घालवू नका. मी तो घालवला आणि आठवड्यात पुन्हा दुपारी एकवर आलो. तिसऱ्या वर्षी रात्री नऊलाच झोपत गेलो, जाग रोज थोडी थोडी पुढे सरकू दिली, आणि सहावर आल्यावर तिथेच गजर लावून धरून ठेवली, मार्चपर्यंत. रूममेट मला आजोबा म्हणायचे.