आधी चित्रकला शिकू की कॉमिक काढायला घेऊ?

तुमची अडचण थोडक्यात अशी: गोष्ट डोक्यात तयार आहे, पण हाताचे पंजे जमत नाहीत, तोच चेहरा पुढच्या चौकटीत परका दिसतो, म्हणून आधी वर्षभर चित्रकला शिकावी का? शिका की, पण त्यासाठी कॉमिक अडवून ठेवू नका. ‘आधी नीट शिकतो’ हा बऱ्याचदा टाळाटाळीचा सभ्य प्रकार असतो.

तुम्ही प्रत्येक चौकट सुटं चित्र म्हणून तपासताय. वाचक तिच्यावर जेमतेम क्षणभर थांबतो, पुढे सरकतो आणि मधल्या रिकाम्या जागेत काय घडलं ते स्वतःच भरून काढतो. एका चौकटीत बॅट फिरवणारी मुलगी, पुढच्या चौकटीत फुटलेली खिडकी. चेंडू काचेवर आदळताना काढलेलाच नाही, तरी तो सगळ्यांना दिसतो. काय दाखवायचं आणि काय गाळायचं, कॉमिक जमतं किंवा फसतं ते इथे.

रँडल मन्रो 2005 पासून ‘एक्सकेसीडी’ हे वेबकॉमिक काडीमाणसांवर चालवतोय, त्यांना डोळेसुद्धा नसतात. रायन नॉर्थच्या ‘डायनासोर कॉमिक्स’मध्ये 2003 पासून त्याच सहा चौकटी येतात, बदलतात ते संवाद. ‘वन-पंच मॅन’ हे जपानी कॉमिक 2009 मध्ये मूळ लेखकाच्या ओबडधोबड चित्रांतच वेबवर आलं. चित्रकार युसुके मुराताची देखणी आवृत्ती सुरू झाली 2012 मध्ये, गोष्ट लोकांना आवडल्यानंतर. आता याचा अर्थ काहीही खरडलं तरी खपतं असा घेऊ नका. मन्रोच्या काडीमाणसांतही कोण बोलतंय, कोणाकडे वळून बोलतंय, हे लगेच कळतं. ओबडधोबड चालतं, गोंधळ चालत नाही.

चेहरा बदलतो त्यावर उपाय: पात्राला एक ठळक खूण द्या. केसांचा झुपका, लांब नाक, काहीही. एका कागदावर ते समोरून, बाजूने आणि पाठमोरं काढून डोळ्यांसमोर चिकटवा. हावभावांसाठी सुरुवातीला दोन ठिपके आणि भुवया पुरतात. भुवयांची आतली टोकं खाली आणा, पात्र चिडलं. तीच टोकं वर न्या, रडवेलं झालं. तोंडाच्या रेघेला हातही लावावा लागत नाही. पंजे खिशात घाला, पण प्रत्येक चौकटीत नको, लबाडी लक्षात येते.

संवाद चित्रानंतर कोंबू नका. आधी अक्षरं, मग त्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत चित्र. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे, वर. आपल्याकडे वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत मोकळी जागा जास्त सोडावी लागते. इंग्रजी कॉमिकच्या मापाने फुगे आखले की हमखास गिचमीड होते.

कच्चं पान झालं की फुगे झाकून कोणालातरी दाखवा. ‘कसं काढलंय?’ असं विचारलंत तर कौतुक नाहीतर टोमणा मिळेल. ‘काय घडलं ते सांग’ म्हणा. समोरचा जिथे अडखळेल तेवढीच चौकट बदला.

आणि ती महागाथा आत्ता नको. त्यातल्याच एखाद्या पात्राचा छोटा प्रसंग घ्या, चार-सहा चौकटींचा, आणि पुरा करा. शेवटच्या चौकटीपर्यंत हात थोडा बसलेला असेल, त्यामुळे पहिली पुन्हा काढायची खुमखुमी येईल. ती तशीच राहू द्या आणि दुसरं पान घ्या.